परसातली डोंगरची मैना



उन्हाळ्यात सह्याद्रीच्या घाटातून एसटीने प्रवास केलेल्यांना एक आरोळी नक्कीच आठवत असेल. गाडी थांबली रे थांबली की खिडकीखालून आवाज येतो, "डोंगरची काळी मैना!" पळसाच्या पानाच्या द्रोणात टपोरी, काळीभोर करवंदे. लहान मुले करवंद अर्धे खाऊन आत बघतात. आत लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. द्रोण संपतो, बोटांना चीक राहतो आणि गाडी पुढे निघते. ती करवंदे तोडायला पहाटे काट्यात शिरलेल्या बाईचे ओरखडलेले हात मात्र कुणी पाहत नाही.

हे झुडूप आपल्या केजच्या परसात का लावावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. "परस? आमचे घरच दोन खोल्यांचे, परस कुठून आणायचे?" असे आमच्या भगिनी लगेच विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या वस्तीत घरामागे चार-पाच फुटांची पट्टी बहुतेकांकडे असते. तिथे न्हाणी असते, न्हाणीचे पाणी वाहते, चिखल होतो, डास होतात. त्या पट्टीबद्दलच आम्ही बोलत आहोत.

करवंद म्हणजे कोण?

संस्कृतात त्याला करमर्द म्हणतात, हिंदीत करौंदा. इंग्रज लोक आले तेव्हा त्यांना या फळात आपल्याकडच्या 'करंट' नावाच्या आंबट फळाची आठवण झाली आणि त्यांनी याला 'बंगाल करंट' म्हटले. खरे करंट ही थंड मुलखातली झुडपे. हिवाळ्यात कडक थंडी मिळाल्याशिवाय ती धड फुलत नाहीत, त्यामुळे मराठवाड्यात त्यांचा उपयोग नाही. करवंदाचे कूळच वेगळे. रुई आणि कण्हेर ज्या कुळातल्या, त्याच कुळातले हे झाड. म्हणून पान तोडले की पांढरा चीक येतो. पाने जाड आणि चकचकीत, काटे जोडीने येणारे आणि सुईसारखे टोकदार. फुले पांढरी, जाईसारखी वासाची.

आपला बालाघाट हा सीताफळाचा डोंगर. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शेजारी अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. ज्या मुरमाड, खडकाळ जमिनीत आणि ज्या बेभरवशाच्या पावसात सीताफळ तग धरते, तिथे करवंदही तग धरते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. एवढ्यावर आयुष्य काढणाऱ्या थोड्या फळझाडांत करवंदाचा नंबर वरचा आहे.

न्हाणीच्या आडोशाची गोष्ट

आम्ही करवंद लावले ते फळासाठी नव्हे, आडोशासाठी. घरामागे न्हाणी होती. तीन बाजूंना जुनी लुगडी आणि खताची पोती बांधलेली. वारा सुटला की पोते उडायचे. घरातल्या बायका अंधार असतानाच आंघोळ उरकायच्या. दरवर्षी पावसाळ्यानंतर कुंपणासाठी बोराटी-बाभळीच्या फांद्या आणाव्या लागत, आणि त्या कुणाच्या तरी बांधावरून आणाव्या लागत. त्यावरून होणारी बोलणी आपल्या वस्तीला नवीन नाहीत. एका वर्षी आमच्या घरातल्या म्हातारीला दोन फांद्यांसाठी जे ऐकून घ्यावे लागले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. ती घरी आली आणि म्हणाली, "पुढच्या साली मला कुणाच्या बांधाला जायचं नाही. काटा लावायचा तर आपल्याच जागेत लावा."

ते वाक्य आमच्या मनात राहिले. विटांची भिंत बांधायला पैसे नव्हते. करवंदाची रोपे लावायला कष्टच तेवढे लागणार होते. आज त्या न्हाणीच्या तिन्ही बाजूंना छातीपेक्षा उंच, बारा महिने हिरवी भिंत आहे. कोंबडीचे पिल्लू सोडले तर तिच्यातून काही पार होत नाही. घरातली लेकसून आता सूर्य वर आल्यावर, सावकाश आंघोळ करते. या झाडाचे पहिले फळ आम्ही हेच मानतो.

रोप कसे करावे?

करवंदाची फांदी खोचून सहसा झाड होत नाही. बऱ्याच फांद्या वाळून जातात. दाब कलम किंवा गुटी कलम पावसाळ्यात करता येते आणि दोन-तीन महिन्यांत त्याला मुळ्या फुटतात. पण कुंपणासाठी बीच सोपे आणि फुकटात पडते.

यात मेख एकच आहे. करवंदाचे बी साठवून ठेवता येत नाही. डब्यात ठेवले आणि पुढच्या वर्षी पेरले तर बहुधा उगवणार नाही. पूर्ण पिकलेली, काळी झालेली फळे घ्यावीत, गर धुऊन बी काढावे, एक दिवस सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली चार भोके पाडली की झाले. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि मूठभर वाळू. बी बोटाच्या एका पेराएवढेही खोल नको. दोन-तीन आठवड्यांनी कोंब दिसू लागतात. रोप फार हळू वाढते, धीर सोडू नये. या पावसाळ्यात पेरलेले रोप पुढच्या पावसाळ्यात वीतभर-हातभर होते आणि तेव्हा ते जागेवर लावावे.

फळांसाठीच चार झाडे लावायची असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' या जाती आहेत. त्यांची फळे पांढरट-गुलाबी असतात आणि लोणच्याला, मुरांब्याला चांगली. अशी रोपे कलमाचीच घ्यावीत. बियांपासून आलेले झाड आईसारखेच निघेल याचा भरवसा नसतो.

लागवड

कुंपणासाठी हातभर रुंद आणि तेवढाच खोल चर काढावा, आणि दोन-दोन फुटांवर रोप लावावे. सुटे झाड फळासाठी लावायचे तर दोन झाडांत दहा फूट अंतर ठेवावे, कारण ते जाळीसारखे पसरते. खड्ड्यात मातीबरोबर दोन घमेली शेणखत आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड घालावी. रोप दीड फुटाचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. हे केले नाही तर वर झुडूप आणि खाली भगदाड होते, आणि शेळी नेमकी त्या भगदाडातून येते.

मोठ्या झाडाला काट्यामुळे जनावर सहसा तोंड लावत नाही. पण कोवळ्या रोपाचे काटेही कोवळे असतात. पहिली दोन वर्षे शेळीपासून राखण करावीच लागते.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही बारा रोपे लावली आणि त्यातली सात मेली. चार मेली ती पाणी साचून. न्हाणीच्या खालच्या अंगाला काळी माती होती, तिथे पावसाळाभर चिखल राहिला आणि मुळ्या कुजल्या. करवंदाला तहान सोसते, तुंबलेले पाणी सोसत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही तिथे मुरूम टाकून वीतभर उंच वरंबा केला आणि त्यावर रोपे लावली. तीच आज सगळ्यात दाट आहेत. उरलेली तीन का मेली, ते पुढे येते.

पाणी कुठून आणायचे?

केज तालुक्याला पाण्याची गोष्ट सांगायला नको. तालुक्यातल्या धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे. ते धरण कोरडे पडले म्हणून २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात धरणाच्या काठच्या तालुक्यात आपणही हंड्यांच्या रांगेत होतो. ज्या समाजाला पिण्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याने पिण्याचे पाणी झाडाला घालावे असे आम्ही सांगणार नाही.

पण न्हाणीच्या पाण्याचा हिशेब करून पाहा. घरात पाच माणसे, प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली. रोजचे पंचाहत्तर लिटर पाणी गटारात जाते आणि डास होतात. तेच पाणी करवंदाच्या चरात सोडावे. साबणाचे पाणी सरळ बुंध्याला नको. न्हाणीच्या तोंडाशी दोन फुटांचा खड्डा घ्यावा, तळाला विटांचे तुकडे, वर गोटे आणि वर जाड वाळू भरावी. त्यातून पाझरलेले पाणी चरात जाऊ द्यावे आणि दर आठ दिवसांनी चराची दिशा बदलावी. वरची वाळू महिन्यातून एकदा काढून धुवावी. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र वेगळे काढून टाकावे, त्याने माती खारावते.

आता त्या मेलेल्या तीन रोपांकडे वळू. आपल्या बीड जिल्ह्यात हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घराला कुलूप लागते. त्या वर्षी आम्ही दोन महिने बाहेर होतो. पाच-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांचे काय होत असेल! मग परसबाग कोण सांभाळणार? मेथी, कोथिंबीर, वांगी यांना रोज माणूस लागतो. म्हणूनच ज्यांना वर्षातले सहा महिने घर सोडावे लागते, त्यांच्यासाठी करवंद हेच झाड आम्हाला योग्य वाटते. दोन उन्हाळे काढले की ते माणसाची वाट पाहत उभे राहू शकते.

त्या पहिल्या दोन उन्हाळ्यांसाठी उपाय आहे मडक्याचा. जुने, न भाजता फुटलेले नव्हे, तर साधे पाझरणारे मातीचे मडके दोन रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरावे आणि वर पालथी पणती ठेवावी. पाणी हळूहळू पाझरते, मुळ्या तिकडे वळतात. आठवड्यातून दोनदा भरले तरी भागते. बुडाशी उसाचे पाचट किंवा वाळला पालापाचोळा पसरावा. घरी राहिलेली आजी किंवा शाळेसाठी मागे राहिलेला नातू हे काम सहज करू शकतो. आमच्या शेजारच्या एका आजीने सहा मडकी अशीच दोन हिवाळे-उन्हाळे भरली. मुले कारखान्यावरून परत आली तेव्हा सहाही रोपे जिवंत होती. "तुमच्या मागं मला सोबत होती," एवढेच ती म्हणाली.

कुंपण आपले, पण जागा?

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. झाड लावले म्हणजे जागा आपली झाली, असा गैरसमज नको. आपल्या समाजाने जमिनीसाठी मोठी किंमत मोजली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आपल्या मायबहिणी लेकरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये काढला, तोही मागणी रेटल्यावर. तरीही कागद हातात नसलेली कुटुंबे आजही आहेत.

म्हणून झाड लावण्याआधी घराचा उतारा काढून पाहावा. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८, केजात नगरपंचायतीचा मालमत्तेचा उतारा. लांबी-रुंदी वाचून घ्यावी, घरातल्या शिकलेल्या मुलीला मोजायला लावावी. उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावून घ्यावे. मग हद्दीच्या दोन फूट आत रोप लावावे, कारण करवंद पसरते आणि काटा शेजाऱ्याच्या वाटेत गेला की भांडण होते. लावण्याआधी शेजाऱ्याला सांगावे. तो तयार असेल तर दोघांच्या मध्ये एकच कुंपण करावे आणि फळे वाटून घ्यावीत.

विहाराच्या आवारालाही हे कुंपण चांगले. अनेक ठिकाणी बोधिवृक्षाचे रोप मोठ्या थाटात लावले जाते आणि महिन्याभरात शेळी ते खाते. भोवती करवंदाचे कडे असेल तर लोखंडी जाळीचा खर्च वाचेल. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व जनावरांच्या उपयोगाच्या औषधी वनस्पती आणि फळझाडे जिथे नव्हती तिथे आणून लावल्याचे नोंदले आहे. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. वन हा शब्द आपल्या परंपरेत असा शाळेच्या आणि विहाराच्या शेजारी उभा आहे.

काळजी

काटा खोल जातो आणि जखम चिघळते. छाटणी करताना जाड पोते हाताला गुंडाळावे, पायात चप्पल घालावी. काटा रुतला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखान्यात जावे, हळद दाबून बसू नये. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. छाटणी फळे संपल्यावर, पावसाळ्यात करावी. बुडापासून वीतभर उंचीपर्यंतच्या जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि पालापाचोळा साफ ठेवावा, म्हणजे विंचू-काट्याची भीती कमी होते. छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकू नयेत. आपल्याच वस्तीतली मुले अनवाणी फिरतात.

करवंद खाल्ले की रक्त वाढते, असे पुष्कळजणी म्हणतात. फळ चांगलेच आहे, त्यात क जीवनसत्त्व असते. पण अंगात रक्त कमी असलेल्या गरोदर भगिनींनी त्यावर विसंबू नये. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यातच, करवंद त्याबरोबर खावे.

स्वयंपाकघरात

बियांपासून लावलेले झाड साधारण तिसऱ्या वर्षी फळे दाखवू लागते. वाढलेल्या झाडाला चार-पाच किलो फळ सहज येते. बेकरीच्या केकवर जी लालभडक 'चेरी' असते, ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते, हे किती जणांना ठाऊक आहे?

लोणचे : एक किलो कच्ची, हिरवी करवंदे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावीत, म्हणजे चीक निघतो. हाताला तेल लावून, दोन भाग करून बिया काढाव्यात आणि फडक्यावर कोरडी करावीत. २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद, चमचाभर भाजलेल्या मेथीची पूड, थोडा हिंग मिसळावा. पाव किलो तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून ओतावे. बरणी रोज हलवावी. आठ-दहा दिवसांत लोणचे मुरते.

चटणी : मूठभर कच्ची करवंदे, चार हिरव्या मिरच्या, भाजलेले शेंगदाणे, लसूण, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. पाट्यावर वाटावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरे कालवण लागत नाही.

जॅम : अर्धवट पिकलेली एक किलो करवंदे बुडतील एवढ्या पाण्यात वीस मिनिटे शिजवावीत, घोटून चाळणीतून गाळावीत. जेवढ्या वाट्या गर, त्याच्या पाऊणपट साखर घालून आटवावे. या फळात घट्टपणा आणणारा अंश भरपूर असतो, वेगळे काही घालावे लागत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यात पोळीला लावून द्यावे.

बचत गटाने विकायला करायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यावी आणि बरणीवर तारीख लिहावी. आपल्या हातचे अन्न विकत घेताना नाके मुरडणारे लोक पूर्वी होते आणि अजूनही आहेत. त्यांना उत्तर स्वच्छतेने आणि चवीने द्यावे, आणि बरणीवरचे आपले नाव लपवू नये.

वर्षाचा क्रम

भीमजयंतीच्या सुमारास झुडपावर पांढरी फुले आणि हिरवी फळे दोन्ही दिसतात. लोणच्याची वेळ जवळ आली असे समजावे. वैशाख पौर्णिमेपासून पुढे फळ रंगू लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी ते काळे होते. त्यातली चांगली फळे बियांसाठी राखावीत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा मागच्या वर्षीची रोपे जमिनीत लावावीत. अशोक विजयादशमीला मडकी पुरून, पाचट पसरून घ्यावे, म्हणजे ऊसतोडीची गाडी निघण्याआधी काम संपते.

आमच्या घरातली ती म्हातारी आता नाही. तिने शेवटचे दोन उन्हाळे न्हाणीजवळ बाज टाकून, करवंदे निवडत काढले. वस्तीतली मुले यायची, ती प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवायची आणि विचारायची, "काय निघालं, कोंबडा का कोंबडी?" त्यानंतर कुणाच्या बांधावरून फांदी आणायला तिला जावे लागले नाही.

या आषाढात आपणही चार रोपे लावा. जयभीम.